आईइतकं

“गौते, ही नाडी जराशी सैल बांध बरं,” आई म्हणाली आणि आरशाकडे पाठ करून उभी राहिली. “परकर आटला बाप्पा. ह्या जयपूरचं पानी लय खारं. कपडे खाऊन टाकते.” गौतमी वाकली. नाडीवर जुन्या गाठीचा काळपट वळ होता आणि आजची गाठ पार टोकाशी आली होती. एरवी मांडीपर्यंत लोंबणारी टोकं आता गाठ मारायलाही धड पुरेनात. खांदे बघावेत तर हाडं वर आलेली, गळ्याखाली खळगे, आणि पोट मात्र टम्म. गाठ मारताना बोटं त्या पोटाला लागली आणि तिनं हात असा काही मागे घेतला की आई म्हणाली, “काय व, चटका बसला काय?” “नाही गं, हात गार आहेत माझे.” एप्रिलच्या मध्यात जयपुरात कुणाचे हात गार असतात! पण लेकीनं सांगितलेलं काहीही आईला पटायचं, आणि नेमकं तेच गौतमीच्या अंगाशी आलं होतं. परकर बिचारा होता तेवढाच होता.

चौदा एप्रिल होता. आईनं पांढरी साडी आदल्या दिवशीच इस्त्री करून ठेवली होती. जयंतीला वर्षातून एकदा सगळी रेल्वेतली माणसं एका हॉलमध्ये जमायची, कुणी अकोल्याचं, कुणी भुसावळचं, कुणी नांदेडचं, बदल्यांनी जयपुरात येऊन पडलेली आणि मग इथंच रुजलेली. वडील, नाव पंडित, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. ते गेले तरी आईची ती जागा तिथं कायम होती, पुढून दुसरी ओळ, पंख्याखाली. “जयंती होऊन जाऊ दे,” असं गौतमीनं स्वतःला बजावून ठेवलं होतं. त्याआधी “पाडवा होऊ दे” असं बजावलं होतं. त्याही आधी “आईची सर्दी जाऊ दे.” माणसाला पुढे ढकलायचंच असलं की पंचांग भरभरून साथ देतं. आज जयंती आली होती आणि पोट कडक लागलं होतं, आणि आता पुढचा सण कोणता, हे गौतमीचं मन खरोखरच शोधायला लागलं. तिला स्वतःची शिसारी आली.

तिचं काम तसं सांगायला सोपं. बायकांच्या अंडाशयात कॅन्सर सुरू झाला की कित्येक महिने कुणाला पत्ता लागत नाही. पोट फुगतं, दोन घासांत भरतं, बाई ओवा चावते आणि कामाला लागते. पण रक्ताला आधी कळतं. काही बारीकसारीक रेणू रक्तात वाढायला लागतात, गाठ हाताला लागायच्या खूप आधी. ते रेणू हुडकून काढायचे आणि त्यांवरून दुखणं वेळेत ओळखायचं, यासाठी गौतमीच्या प्रयोगशाळेत सगळी खटपट चालली होती. आता यंत्राची एक खोड होती. ते रेणू किती आहेत हे सांगत नसे, निरोगी बाईच्या रक्ताच्या किती पट आहेत एवढंच सांगे. म्हणून दर वेळी रोग्यांच्या नळ्यांबरोबर एका निरोगी बाईची नळी लावायची आणि तिला ‘एक’ म्हणायचं. मग कुणी तिच्या दुप्पट, कुणी तिच्या आठपट. खरं तर अशा कामाला अनेक बायकांचं रक्त एकत्र करून घ्यायला हवं, पुस्तकात तसंच लिहिलेलं आहे. पण प्रकल्प नवा, हाताशी माणसं नाहीत, आणि अशा वेळी प्रयोगशाळांतली माणसं आपल्याच अस्तन्या वर करतात, नाहीतर घरच्यांच्या. गौतमीनं आईची केली. आई सत्तरीला टेकलेली, ना साखर ना दाब, आयुष्यात दवाखाना पाहिला तो बाळंतपणापुरता. “मले काय धाड भरली?” हे तिचं पालुपद. दुर्गापुऱ्यातल्या घराच्या स्वयंपाकघरात, पोळपाट बाजूला सारून, आईनं हात पुढे केला आणि गौतमीनं सुई लावली. आई म्हणजे एक, असं तेव्हा ठरलं.

नळ्यांच्या झाकणांवर गौतमीनं मार्करनं ‘आई’ लिहिलं होतं. हाताखालच्या पोरांना वाटलं, हा काहीतरी शास्त्रातला शब्द असणार. “मैडम, आज आई लगाई क्या?” “आई खतम होने वाली है.” सगळी प्रयोगशाळा दिवसभर आईचं नाव घ्यायची. गौतमीनं ते घरी सांगितलं तेव्हा आई इतकी हसली की तिला ठसका लागला. आणि मग ती जिथं जाईल तिथं सांगत सुटली, भाजीवाल्याला, खालच्या मिश्राइनला, विहारातल्या बायकांना, की माह्या रक्तावरून सगळ्या जयपूरच्या बायका मोजतात. चौथी शिकलेली बाई, फिटरची बायको, आणि तिच्या रक्ताला शास्त्रात मान! गौतमीला ते ऐकून गंमत वाटायची. गंमत कसली, छाती फुगायची. खरं सांगायचं तर त्या पहिल्या दिवशीच दुसऱ्या चार बायकांचं रक्त गोळा करता आलं असतं. फोन फिरवायचा कंटाळा होता हे एक, आणि आपल्या आईहून निरोगी या गावात कोण असणार, हा ताठा दुसरा. त्या ताठ्याला प्रेम म्हणायची सोय होती, म्हणून तो इतका टिकला.

पहिली दोन वर्षं सगळं सुरळीत होतं. गेल्या दिवाळीत आईचं जुनं रक्त संपत आलं आणि गौतमीनं नवं काढलं. त्यानंतर निरोगी म्हणून आलेल्या बायकांचे आकडे खाली यायला लागले. आई एक, तर ही पाव, ती त्याहून कमी. आणि आजारी बायकांचे फुगलेले आकडे एकदम माणसाळले. एखाद्या शहाण्यानं तिथंच थांबून विचारलं असतं, की सगळं गाव बुटकं कसं झालं, का मोजायची पट्टीच लांबली? गौतमीनं विचारलं नाही. तिनं ठरवलं की बाकीच्यांचं रक्त खराब. बर्फाचा डबा नीट बंद केला नसेल, गाडी उन्हात उभी राहिली असेल, पोरांनी हयगय केली असेल. पोरांना ती बोल बोल बोलली. त्या भल्याचंग्या बायकांच्या नळ्या तिनं बाद करून टाकल्या, कचऱ्यात. सगळ्या जगाच्या रक्तावर तिनं संशय घेतला, एक आईचं सोडून. आता आठवलं की तिला त्या पोरांची तोंडं दिसतात, खाली मान घालून ऐकणारी, आणि कानशिलं तापतात.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं, पण मध्ये विभाताई आल्या. विभाताई म्हणजे तिलक नगरच्या, यजमान श्रीपादराव विमा कंपनीत मोठे अधिकारी. मराठी मंडळाच्या सगळ्या कार्यक्रमांत पुढे. त्यांनी हौसेनं रक्त दिलं होतं, निरोगी बाई म्हणून. संक्रांतीला त्यांच्या गच्चीवर तिळगुळाला सगळे जमले होते, आणि जयपूरच्या संक्रांतीसारखी वर नुसती पतंगांची झुंबड, गच्ची-गच्चीवरून “वो काटा!” म्हणून आरोळ्या. विभाताईंनी गौतमीला पाण्याच्या टाकीआड ओढलं. “गौतमी, माझं पोट गं सारखं फुगतंय. डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितलीय, परवाची वेळ घेतलीय. मला मेलीला त्या नुसत्या नावानंच धडकी भरते. तुमच्या त्या तपासणीत माझं काय आलं गं?” सांगायचं नसतं. संशोधनातले आकडे माणसाला सांगायचे नसतात, ते औषधपाण्यासाठी नसतातच, हे गौतमी स्वतः नव्या पोरांना घोकून घ्यायला लावते. पण गच्चीवर त्याच दुपारी विभाताईंनी सगळ्यांसमोर तिचा हात धरून म्हटलं होतं, “ही आमची गौतमी, शास्त्रज्ञ आहे हं!” आणि त्या ‘आमची’नं गौतमी विरघळली होती. लहानपणी रेल्वे क्वार्टरमधून वडिलांबरोबर मंडळाच्या गणपतीला आली, तर मागच्या सतरंजीवर बसायची. आता विभाताई तिला टाकीआड ओढून विचारत होत्या. आकडा तिला तोंडपाठ होता. “काही नाही हो ताई,” ती म्हणाली, “अगदी माझ्या आईइतकं आलंय.” विभाताईंचा चेहरा असा उजळला! “अगं बाई, भीमाबाईंइतकं? मग मला काही होत नाही!” त्यांनी तिथल्या तिथं फोन करून सोनोग्राफी रद्द केली आणि गौतमीच्या तोंडात तिळाची वडी कोंबली.

होळीच्या आदल्या दिवशी उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर साफ करताना अगदी तळाशी, बर्फात रुतलेली, आईची एक जुनी नळी सापडली. पहिल्या वर्षाची. गौतमीला आनंद झाला, खरंच झाला, कारण आता पोरांचा हलगर्जीपणा पुराव्यासकट दाखवता येणार होता. जुन्या आईला तिनं ‘एक’ धरलं आणि नवी आई शेजारी लावली. आईच्या रक्ताशी आईचंच रक्त. दोन्ही सारखी यायला हवीत. यंत्राच्या पडद्यावर नवी आई वर चढत गेली. तिनं पुन्हा लावलं. नळ्या बदलून पुन्हा लावलं. बाहेर पोरं एकमेकांना गुलाल फासत होती, कुणीतरी दारातून “मैडम, होली है!” म्हणून ओरडलं, आणि ती पडद्याकडे बघत बसली. पट्टीच लांबली होती. त्या पट्टीनं दिवाळीपासून जेवढ्या बायका मोजल्या त्या सगळ्या चुकीच्या मोजल्या गेल्या होत्या, आणि ज्या आईइतक्या आल्या होत्या त्या आईइतक्याच आजारी असण्याची शक्यता होती. विभाताईंचं नाव तिच्या डोक्यात आईच्या नावाच्याही आधी आलं, हे तिनं आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

प्रमुख डॉक्टर पारीक भले गृहस्थ. त्यांना ती एवढंच म्हणाली की कंट्रोल, म्हणजे तुलनेची ती निरोगी नळी, खराब झालाय. “तो बदल दीजिए, इसमें क्या है,” ते म्हणाले आणि त्यांनी तिच्यासाठी कचोरी मागवली. तिनं बदललं. सगळं नव्यानं मोजलं. शोधनिबंध सुखरूप बचावला, उलट आलेख आधीपेक्षा देखणा झाला. निबंध बचावला, नोकरी बचावली, आणि दोन बायका तेवढ्या राहिल्या. त्यांच्याविषयी गौतमीकडे कारणं भरपूर होती आणि सगळी खरी होती. रक्तातलं हे चिन्ह अजून सिद्ध झालेलं नाही. साध्या सुजेनंही ते वाढू शकतं. नियमाप्रमाणे आकडे सांगायचे नसतात. सत्तरीच्या बाईला उगाच हादरा कशाला. यातलं एकही खोटं नव्हतं, म्हणून तर त्यांच्याआड लपायला इतकं बरं वाटायचं. न सांगितलेलं कारण एकच होतं. एकदा तोंड उघडलं की मी विभाताईंना काय म्हणाले, का म्हणाले, हे सांगावं लागणार. आईला डॉक्टरकडे न्यायचं तर कशावरून, हे सांगावं लागणार. आणि ‘माह्या रक्तावरून मोजतात’ म्हणून गावभर मिरवणाऱ्या बाईला सांगावं लागणार की तुझं रक्त… छे. रोज सकाळी ती आईच्या ताटाकडे चोरून बघायची. अर्धी पोळी. आईनं ताट सारलं की म्हणायची, “बस? एवढंच?” आणि आई म्हणायची, “वात हाये. ओवा खातो.” आणि गौतमी ओव्याची डबी पुढे करायची. स्वतःच्या हातानं करायची!

हॉलमध्ये निळे झेंडे, खुर्च्यांची खडखड, वंदना झाली, भाषणं झाली, मग पुरी-भाजी आणि खीर. “भीमाबाई, किती बारीक झाल्या! तब्येत छान ठेवली!” कुणीतरी म्हणालं आणि आई लाजली. तिनं खिरीचे दोन चमचे खाल्ले आणि वाटी गौतमीच्या ताटात रिकामी केली. शेजारी आक्काबाई येऊन टेकल्या, या भुसावळच्या, मुलगा लोको पायलट. त्या आईच्या कानाशी लागल्या, पण जेवणाच्या गलक्यात कानाशी लागणं म्हणजे ओरडणंच. “माझं पण पोट बाई कसंतरीच होतं महिनाभर. सून म्हणते डॉक्टरकडे चला.” आईनं हात झटकला. “कायले डॉक्टर? त्या तिलक नगरच्या विभाबाईचं असंच होतं. आमच्या गौतमीनं रक्त पाहून सांगतलं, काही नाही म्हणून. माह्याइतकं निंगालं. आता ठणठणीत फिरते बाई. तू बी गौतमीले देऊन टाक रक्त. ते सांगते बराबर.” आक्काबाईंनी वळून गौतमीकडे पाहिलं, अशा भरवशानं की गौतमीच्या हातातली पुरी तशीच राहिली. “नाही!” ती म्हणाली. तिला वाटलं त्यापेक्षा तो आवाज फार मोठा निघाला. “मला काही कळत नाही. डॉक्टरकडे जा, आक्काबाई. उद्याच जा. सूनबाई म्हणते ते ऐका.” खुर्च्यांच्या दोन ओळी माना वळवून बघायला लागल्या. आक्काबाई चपापल्या, मग “बरं बाई” म्हणून उठून गेल्या. आईचा चेहरा उतरला. माणसांसमोर लेकीनं तिला खोटं पाडलं होतं.

ई-रिक्षात आई बोलली नाही. टोंक रोडवर ऊन नुसतं पांढरं झालं होतं, कडुलिंबाचा मोहोर गरम वाऱ्यानं रिक्षात येत होता, आणि आई पदर तोंडाशी धरून दुसरीकडे बघत होती. रागावली की ती वडिलांशीही अशीच गप्प बसायची आणि मग वडील स्टेशनच्या अलीकडे उतरून जिलबी घ्यायचे. गौतमीला वाटलं, आपणही घ्यावी जिलबी. आईला खूप आवडते. मग लक्षात आलं की आईला ती खाता येणार नाही, एक वेढाही जाणार नाही. आणि तिथं, दुर्गापुऱ्याच्या फाटकाशी, रिक्षावाला “दीदी, अंदर लूँ क्या?” म्हणून विचारत असताना, तिला रडूच फुटलं. आईनं पाहिलं आणि पुन्हा बाहेर बघितलं. जिना चढताना ती दोनदा थांबली.

“आता सांग,” आई म्हणाली. ती पलंगावर बसली होती, पांढरी साडी तशीच. “लोकायसमोर काऊन ओरडली? अन् आता कायले रडून राह्यली?”

गौतमीनं सांगितलं. कारणं आधी सांगायची असं तिनं महिनाभर ठरवलेलं होतं, चिन्ह सिद्ध झालेलं नाही वगैरे, पण ती कारणं आलीच नाहीत. दिवाळीचं रक्त, जुनी नळी, वर चढत गेलेली रेघ. “आई, तुझ्या रक्तात ते वाढलंय. कदाचित दुसरं काही असेल. पण पोट… तुला दाखवायला हवं. लगेच.”

आईनं पोटावर हात ठेवला. “मले वाटलंच होतं,” ती म्हणाली. “वात असा सहा-सहा महिने राह्यते काय? पन तू म्हने का माहं रक्त एक नंबर हाये. मी म्हटलं, पोरगी एवढी शिकली, यंत्रातून पाह्यते, तिले काय कमी कळते? मी कशी म्हनू का दुखते म्हनून? तुहा हिशोब चुकला असता.”

“आई…”

“थांब.” आईचा हात पोटावरून उचलला गेला. ती आता दुसऱ्याच कशाचा तरी विचार करत होती, आणि कशाचा ते गौतमीला लगेच कळलं, कारण त्याचीच तिला महिनाभर भीती होती. “विभाबाईचं माह्याइतकं निंगालं होतं.”

“हो.”

“तिले सांगतलं?”

“नाही.”

“तुले कवापासून माहीत हाये?”

“होळीपासून.”

आईनं मारलं असतं तर बरं झालं असतं. निदान शिव्या द्यायच्या होत्या, वडिलांना द्यायची तशा. ती फक्त तिच्याकडे बघत राहिली, कुणा परक्या घरच्या पोरीकडे बघावं तसं, आणि गौतमीला आयुष्यात पहिल्यांदा आईसमोर उभं राहणं नकोसं झालं. “माहं जाऊ दे,” आई शेवटी म्हणाली. “मी म्हातारी आहो. घरची आहो. घरच्या मानसाले सांगाले जीभ उचलत नाही, हे मी समजू शकतो. पन तिले तू घरी जाऊन धीर देला, अन् धीर परत घ्याले तुह्यानं गेल्या गेलं नाही? फोन लाव.”

“मी उद्या स्वतः जाऊन…”

“लाव म्हनतो ना.”

गौतमीनं लावला. आईनं फोन तिच्या हातातून घेतला आणि नेहमीसारखा लांब धरून त्यात मोठ्यानं बोलायला लागली. “विभाबाई, मी भीमाबाई. जय भीम. हो हो, तुमालेबी. जयंती झाली छान. विभाबाई, ऐका. ते रक्ताचं. माह्याइतकं निंगालं होतं ना तुमचं? ते चांगलं नव्हतं. माहंच चांगलं नाही. हो. गौतमीचं चुकलं. तुमी ते पोटाचा फोटो काढाचं उद्या सकाळी ठरवा, मी बी येतो, दोघीजनी संगंच काढू. घाबराचं नाही. मी हावो ना. हो, हाये इथंच. देतो.” आणि तिनं फोन गौतमीपुढे धरला. “घे. काऊन उशीर झाला ते तू सांग. ते मी नाही सांगनार.”

गौतमीनं फोन कानाला लावला. “गौतमी?” विभाताईंचा आवाज. “काय गं हे? आई काय म्हणतायत? मला काही कळत नाहीये.”

“ताई,” ती म्हणाली, “संशोधनात असं असतं की जे आकडे…” आई समोर बसून ऐकत होती. गौतमी थांबली. “ताई, माझं चुकलं. तुमचा आकडा वाढलेला आहे. मला ते होळीच्या आदल्या दिवशीच कळलं होतं.”

मग विभाताई म्हणाल्या, हळू, अजिबात न रागावता, जणू त्या फक्त आठवून बघत होत्या, “होळीच्या आदल्या दिवशी? पण धुळवडीला तर तू आमच्याकडे आली होतीस. माझ्या गालाला गुलाल लावलास. पुरणपोळी खाल्लीस, आणखी एक मागून घेतलीस.”

“हो,” गौतमी म्हणाली.